भुलाबाईच्या खिरापतीचा डबा: लगदा, लग्नपत्रिका आणि लुगड्याचा काठ

भुलाबाईची गाणी संपतात, घरची बाई खिरापतीचा डबा घेऊन बाहेर येते, कानाशी धरून हलवते, आणि अंगणातल्या पोरी ओरडायला लागतात. "शेंगदाने!" "नाई, फुटाने!" "लाडू असन वं!" ओळखल्याशिवाय खायला मिळत नाही. पूर्वी त्यासाठी घरातला हाताशी येईल तो स्टीलचा डबा घ्यायचे. स्टीलचा डबा भारी चुगलखोर. शेंगदाणे टाकले की शेंगदाणेच वाजतात, पहिल्या हलवण्यात खेळ आटोपतो. म्हणून मी कागदाच्या लगद्याचा डबा करायला लागले. तो वाजतो, पण निम्मंच सांगतो.

(पुण्याकडच्या बायांसाठी: तुमचा भोंडला, तशी आमची भुलाबाई. तुमच्याकडे पाटावर हत्ती, आमच्याकडे मातीचे भुलाबाई-भुलोजी. आणि आमची महिनाभर चालते, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. म्हणजे डबा मजबूत हवा.)

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडच्या एका खेड्यात राहते. घरी शिलाई मशीन आहे, त्यामुळे चिंध्या आणि काठांची ददात नाही. आजवर अकरा डबे केले, त्यातले तीन वाया गेले. ते कसे गेले तेही सांगते, कारण शिकले त्यांच्यापासूनच.

डबा मे महिन्यात, नटवणं पोळ्यानंतर

पहिली चूक वेळेची. पोळा झाला, आता भुलाबाई पंधरा दिवसांवर, असं म्हणून मी पहिला डबा त्या पावसात करायला बसले. आठ दिवस झाले तरी तो ओलाच. नवव्या दिवशी आतून पांढरी बुरशी, वास असा की सासूबाईंनी चिमट्यात धरून उकिरड्यावर नेऊन टाकला.

लगद्याचं काम उन्हाळ्यातलं. कुरड्या, पापड, सांडया वाळत घालतो तेव्हाच खाटेच्या एका कोपऱ्यात डबाही बसतो. पण आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन म्हणजे पारा पंचेचाळीसच्या वर. त्यात ओला डबा थेट ठेवला की वरची साल कडक होते, आत ओल राहते, आणि तडकतो. माझा दुसरा डबा असा टिनाच्या छपरावर गेला. पहिले दोन दिवस पडवीत, वारा लागेल असा सावलीत ठेवा. मग सकाळचं कोवळं ऊन. कडक ऊन अगदी शेवटी, एक-दोन दिवस.

तयार कोरा डबा कपड्यात गुंडाळून ठेवून द्यायचा. चिकटवण्या-नटवण्याचं काम बसल्या जागी होतं, ते पोळ्यानंतर पावसातही चालतं.

लगदा

पाव किलो रद्दीत वीतभर रुंदीचा डबा आणि झाकण दोन्ही होतं. साधं वर्तमानपत्र घ्या. चकचकीत पुरवण्या नकोत, त्यांच्यावर लेप असतो आणि लगदा पिठूळ होतो. रद्दीतले तीन-चार मोठे कागद आधीच बाजूला काढा, झाकणाला लागतील.

फाडताना एक गंमत पाहा. वर्तमानपत्र वरून खाली फाडलं तर सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं. यंत्रावर कागद होताना त्यातले धागे बहुतेक एकाच दिशेला निजतात, म्हणून असं होतं. लगद्यासाठी कसंही फाडलं तरी चालतं, फक्त तुकडे बोटाच्या पेरापेक्षा मोठे नकोत. झाकणाला मात्र ही दिशा उपयोगी पडते.

तुकडे कोमट पाण्यात तीन दिवस भिजू द्या, रोज पाणी बदला. शाई जितकी निघेल तितकी बरी. चौथ्या दिवशी उखळात कुटा, नाहीतर जुन्या मिक्सरच्या भांड्यात मूठमूठ कागद आणि भरपूर पाणी घालून फिरवा. रोजच्या चटणीचं भांडं घेऊ नका. लगदा दह्यासारखा दिसला, एकही अक्षर वाचता येईना, की झाला.

आदल्या रात्री दोन मोठे चमचे मेथी भिजत घाला, सकाळी वाटा. वाटलेली मेथी बुळबुळीत, चिकट होते, ती लगद्याला धरून ठेवते. शिवाय कडू असते. जुन्या बाया लगद्याच्या टोपल्यांत मेथी घालायच्या ती यासाठीच, किडा-कसर लागू नये म्हणून. मी एकदा मेथी संपली म्हणून नुसत्या मैद्याच्या खळीवर भागवलं, तर उंदरानं रात्रीतून डब्याची अर्धी कड खाल्ली. तो तिसरा डबा.

खळ अर्धी वाटी मैद्याची. आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग एकूण तीन वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरी असते तोवर कच्ची. काचेसारखी दिसायला लागली आणि उलथनं उचललं की पडदा धरून ओघळली, की उतरवा. खळीत मोरचूद टाकायची पद्धत आहे, त्यानं कीड लागत नाही, पण ते विष आहे. पोरींच्या हातात फिरणाऱ्या, खाऊ ठेवायच्या डब्यात मी ते कधीच घालत नाही.

लगदा पिळताना अंदाज असा: मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटीत पाणी दिसावं, पण टपकू नये. मग मेथी आणि थंड झालेली खळ घालून कणकेसारखा मळा. खळ सगळी संपवायची नाही, थोडी झाकणाला ठेवा.

इथे माझा एक फसलेला प्रयोग. आमच्या वर्ध्याला १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा केला, जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहायचे, आणि हातकागद हा त्यांच्या उद्योगांपैकी एक होता. कापसाच्या चिंध्यांचा कागद फार चिवट होतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हटलं, घरात कापूस पडला आहे, चिंध्या कशाला कुटायच्या? वेचणीतला मूठभर कापूस लगद्यात टाकला. गोळे झाले. कच्च्या कापसावर मेण असतं, तो पाणी धरत नाही आणि मिसळतही नाही. मग नवऱ्याचं जुनं, शंभरदा धुतलेलं धोतर काढलं, बोटभर रुंद पट्ट्या फाडल्या, आणि त्या खळीत बुडवून डब्याच्या कडेला आतून-बाहेरून चिकटवल्या. कड सगळ्यात आधी तुटते. त्या धोतरानंतर एकही तुटलेली नाही.

साच्यावर चढवणं

साचा म्हणून वरून रुंद आणि बुडाकडे निमुळतं होणारं भांडं घ्या, मी जुना गंज (पातेलं) उलटा घालते. सरळ भिंतीचा डबा घेऊ नका. लगदा वाळताना आकसतो आणि साच्याला घट्ट आवळतो. सासूबाईंचा बेसनाचा डबा मी असाच अडकवला होता आणि शेवटी लगदा विळ्यानं कापून काढावा लागला. त्या डब्यावर अजून ओरखडे आहेत आणि दर दिवाळीला त्यांचा विषय निघतो.

उलट्या गंजावर प्लास्टिकची पिशवी ताणून बसवा. लगद्याचे लहान थापे करून खालून वर, एकात एक दाबत चढवा. भिंत ज्वारीच्या भाकरीएवढी जाड. बुड मात्र पातळ, पोळीपेक्षा थोडं जास्त. सगळा आवाज बुडातून येतो. बुड जाड झालं तर डबा मुका होतो, कितीही हलवा, नुसतं थबथब. आणि भिंतीही पातळ केल्या तर पुन्हा स्टीलच्या डब्याची गत, सगळं कळतं.

उभा राहण्यासाठी बुडाला वर्तमानपत्राच्या पिळाची चुंबळ लावा. डोक्यावर पाण्याचा गुंड घ्यायला करतो तशीच, फक्त लहान. खळीत बुडवून बुडावर बसवायची, सांध्यावर थोडा लगदा. या चुंबळीनं बुड जमिनीला टेकत नाही, त्यामुळे डबा ठेवल्या ठेवल्याही खणखणीत वाजतो.

दुसऱ्या दिवशी, अर्धवट वाळल्यावर, गंजावरून हलक्या हातानं सोडवा आणि उपडा-सुलटा करत वाळवा. वाळला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. गालाला लावून पाहा: गार लागला तर आत ओल आहे. मग बोटाच्या सांध्यानं ठोका. ओला डबा ठब्ब करतो, वाळलेला टकटक. आमच्या उन्हात सहा-सात दिवस लागतात.

झाकण

सगळ्यात जास्त डबे झाकणाशी बिघडतात. लगद्याचं झाकण डब्याबरोबरच केलं तर दोन्ही आपापल्या परीनं आकसतात, मग एकतर बसत नाही किंवा गळून पडतं. डबा पूर्ण वाळल्यावरच झाकण करा, आणि ते लगद्याचं करू नका, पट्ट्यांचं करा. पट्ट्या फार कमी आकसतात.

डब्याच्या तोंडावर पुठ्ठ्याची गोल चकती ठेवा, तोंडापेक्षा किंचित मोठी. डब्याच्या वरच्या दोन बोटं भागाला प्लास्टिक गुंडाळा आणि त्यावर वर्तमानपत्राचे दोन कोरडे वेढे द्या. हे वेढे विसरू नका, नंतर ते काढले की तेवढीच जागा मोकळी होते आणि झाकण सैलसर सरकतं. आता बाजूला ठेवलेल्या कागदांच्या दोन बोटं रुंद पट्ट्या खळीत भिजवून चकतीवरून खाली वेढ्यांवर उतरवत लावा. पहिला थर वरून-खाली फाडलेल्या पट्ट्यांचा, दुसरा आडव्या फाडलेल्यांचा, पुन्हा पहिल्यासारखा. असे आठ थर. दिशा आलटून-पालटून ठेवली की झाकण वाळताना पत्रावळीसारखं वाकत नाही. दर तीन थरांनंतर एक दिवस थांबा. मला हे थांबणं जमत नव्हतं, सगळे थर एका बैठकीत लावायचे, मग मधल्या थरांत पाणी कोंडून फुगवटे यायचे.

वाळल्यावर वेढे ओढून काढा. झाकण घट्ट वाटलं तर आतल्या कडेला पॉलिश पेपर फिरवा, पण थोडा. पावसाळ्यात कागद हवेतली ओल पिऊन फुगतो, उन्हाळ्यात सैल वाटणारं झाकण भाद्रपदात बरोब्बर बसतं.

अंगावरचे कपडे

आता पोळा झाला, हात मोकळा आहे, दुपारी पाऊस पडतो आहे. घरातल्या लग्नपत्रिकांची पिशवी काढा. आमच्या गावात एका उन्हाळ्यात तीस-चाळीस पत्रिका येतात आणि त्यांच्यासारखा जाड, रंगीत, सोनेरी कागद विकत घ्यायचा तर खिशाला चाट बसेल.

पत्रिकेवरचा गणपती आणि कुलदैवतांची नावं आधी कापून वेगळी काढा. सासूबाईंचा हा नियम मी मोडत नाही. देवाचं चित्र ज्यावर पाय लागेल किंवा खरकटा हात लागेल अशा वस्तूवर लावायचं नाही. ते तुकडे एका पाकिटात राहतात. वधूवरांची नावंही मी लावत नाही. एकदा लावली होती, आणि ज्या घरी डबा गेला तिथे त्याच लग्नाचं बोलणं कोर्टात सुरू होतं.

ज्या पत्रिकेवर प्लास्टिकचा पापुद्रा आहे तिला खळ चिकटत नाही. तासभर पाण्यात ठेवली की बहुतेक वेळा पापुद्रा कोपऱ्यातून सुटतो. सोनेरी छपाईच्या जागेवर पॉलिश पेपरचा एक हात मारा. कात्रीपेक्षा हातानं फाडलेले तुकडे बरे. फाडलेली कड विरळ असते, एकावर एक बसली तरी उंचवटा दिसत नाही. रंगीत बाजू वर ठेवून वरचा तुकडा स्वतःकडे ओढत फाडला तर त्याला पांढरी किनार सुटते, नक्षीला ती शोभते. किनार नको असेल तर उलट्या बाजूनं फाडा.

रंगासाठी मी बाजारातले रंग क्वचित आणते. होळीच्या दिवसांत धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) पळसाची फुलं वाळवून ठेवते. ती उकळून त्या पाण्यात थोडी तुरटी टाकली की पिवळा-केशरी रंग निघतो. त्यात कोरे कागद बुडवून दोरीवर वाळवा. पोरींना खरी मजा हळदीच्या कागदाची. हळदीच्या पाण्यात रंगवलेल्या पिवळ्या कागदावर काडीनं चुन्याच्या निवळीची रेघ ओढा, रेघ तिथल्या तिथे लालभडक. ("वं माय, जादू!" असं पुतणी ओरडली होती, मग घरातला एकही पांढरा कागद राहिला नाही.) चुन्यापासून डोळे सांभाळा. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून तो झाकणाच्या आतल्या बाजूला लावा, उघडल्यावर दिसतो.

कडेवर लुगड्याचा काठ. काठ खळीनं नीट बसत नाही, तिथे फेव्हिकॉल लागतो. काठ डब्याच्या बाहेरूनच लावा, आत आणि बुडाला कापड अजिबात नको. कापड आवाज पिऊन टाकतं.

मग बिया. तूर, मूग, सीताफळाच्या काळ्या बिया, धानाची साळ, काय मिळेल ते. पण सगळ्या धान्याच्या बिया आधी तव्यावर कोरड्या भाजा. मी एकदा न भाजता मुगाची वेल काढली झाकणावर, वर खळीचा हात दिला आणि ओल्या दिवसात तशीच ठेवली. चौथ्या दिवशी वेलीला खरोखरचे मोड आले होते. गावात आठवडाभर तेच बोलणं, "काकूच्या डब्याले कोंब फुटले." भाजल्यानं मोडही येत नाहीत आणि आतला किडाही मरतो. सीताफळाच्या बिया अख्ख्याच लावा, कुटू नका, त्यांची पूड डोळ्यात गेली तर फार आग होते. आणि गुंजा कितीही सुंदर दिसोत, त्या लावू नका. गुंज चावून पोटात गेली तर जीव जाऊ शकतो, आणि हा डबा पोरांचा आहे.

शेवटी फेव्हिकॉलच्या एका भागात दोन भाग पाणी घालून बाहेरून दोन हात द्या. आतून काही लावू नका.

डबा घरोघरी

खाऊ कागदाला टेकू द्यायचा नाही. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका, शाई अन्नात उतरते, असं अन्न सुरक्षा खात्याकडूनही सांगितलं जातं, आणि आपला डबा तर सगळाच वर्तमानपत्राचा. आत पळसाच्या पानांचा द्रोण बसवा. पळसाचं पान कडक वाळलं की शेंगदाणा त्यावर वेगळाच वाजतो, पोरी पहिले चार दिवस तरी फसतात. ओला किंवा तुपकट पदार्थ असेल तर द्रोणात लहान वाटी.

आमच्या गल्लीत भुलाबाई रोज वेगळ्या घरी असते आणि डबा तिच्याबरोबर फिरतो. ज्या घरी जातो त्या घरानं त्यावर एक तुकडा लावायचा असं ठरलं आहे: कुणी मुलाच्या वहीच्या मुखपृष्ठाचा, कुणी बियाण्याच्या पाकिटाचा, एका आजीनं नातवाच्या पहिल्या चड्डीची नाडी. खळीची वाटी आणि ब्रश डब्याबरोबरच जातात. एकच बंधन, आधीच्या कुणाचा तुकडा पूर्ण झाकू द्यायचा नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं घराचं नाव आणि तिथी. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांच्या मखरापुढे डबा येतो तेव्हा मी केलेलं त्यात अर्धंही दिसत नाही, आणि मला त्याचं फार बरं वाटतं असं नाही, खरं सांगते. पळसाचा कागद झाकला की जीव चुटपुटतो.

लग्न होऊन लांब गेलेल्या पोरीला डबा पाठवायचा असेल तर पोस्टानं जातो. पहिल्यांदा मी नुसता कापडात शिवून पाठवला, तो चपटा होऊन पोचला, चूक माझीच. आता खोक्यात ठेवते, चारी बाजूंनी चुरगाळलेली रद्दी, डब्याच्या पोटातही रद्दी, झाकण वेगळं करून उलटं. कुटार किंवा गवत भरू नका, त्यातून किडे येतात. पत्ता खोक्याच्या आतही एकदा लिहा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात मिसळलं आहे, त्यामुळे खिडकीवर स्पीड पोस्टच मागा.

एक नियम आम्ही मागच्या खेपेला नव्यानं घातला. डबा एका काकूंच्या घरी गेला होता. गाणी झाली, काकूंनी डबा हलवला. काहीच वाजलं नाही. पोरींनी लाडू म्हटलं, पेढा म्हटलं, केळी, साखरेची पोळी, एकीनं तर "लोनी" सांगितलं. मला घाम फुटला, वाटलं बुड भिजलं, डबा मुका झाला. पाऊण तास झाला तेव्हा माझ्या पुतणीनं डबा हातात मागून घेतला, तोलून पाहिला आणि म्हणाली, "काकू, याच्यात काईच नाई." काकू हसत हसत आत गेल्या आणि गरम भज्यांचं ताट घेऊन आल्या. भजी डब्यात घातली असती तर पानं भिजली असती, असं त्यांचं म्हणणं. आता डब्यात निदान एक सुपारी तरी पाहिजे असं ठरलं आहे.